मॅडम, तुम्ही माऊसला हात लावू नका

आमच्या वार्षिक नियोजनात 'विद्यार्थ्यांमध्ये डिजिटल कौशल्ये विकसित करणे' अशी एक ओळ असते. तिच्यासमोर आठवड्याला दोन तासिका असतात आणि बाकी काहीच नसतं. मागची दोन वर्षं मी त्या तासिकांत सगळे करतात तेच केलं. कुठल्या तरी काल्पनिक दहा विद्यार्थ्यांचे गुण, त्यांची बेरीज, टक्केवारी, शेवटी एक रंगीत आलेख. मुलांनी ते बिनचूक केलं. त्याच मुलांना महिन्याभराने खरी यादी करायला सांगितली, तर त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एकाखाली एक नावं टाकून पाठवली. क्रमांक हाताने घातलेले, त्यातला सात नंबर दोनदा.

म्हणून या वर्षी ठरवलं की अभ्यासापुरता तक्ता नको, तक्ता चुकला तर कुणाची तरी खरोखर पंचाईत व्हायला हवी. नववीच्या एकतीस मुलांनी आठ आठवड्यांत पुस्तक अदलाबदलीचा एक दिवस उभा करायचा. आपलं वाचून झालेलं पुस्तक द्यायचं आणि दुसऱ्याचं न्यायचं. नोंदणी, पत्रव्यवहार, पोस्टर, हिशेब, त्या दिवसाची रांग, सगळं मुलांनी सांभाळायचं. कार्यक्रम होऊन आता पाच आठवडे झाले. काम चालू असताना मला कुणीतरी सांगायला हवं होतं अशा पुष्कळ गोष्टी होत्या, त्या आठवतायत तोवर लिहून ठेवते.

पहिल्या आठवड्यात गट पाडले. नोंदणी, प्रसिद्धी, जागा आणि सामान, हिशेब, आणि प्रत्यक्ष दिवसाचं काम असे पाच. इथेच पहिली चूक झाली. मुलांना आवडीप्रमाणे गट निवडू दिले. दोन दिवसांत चित्र असं दिसलं की प्रत्येक कॉम्प्युटरसमोर एक जण बसलाय, ज्याला आधीपासून येतं, आणि मागे पाच जण उभे राहून बघतायत. म्हणजे येणाऱ्याला जास्त यायला लागलं आणि न येणारे जिथल्या तिथे राहिले.

सोमवारी नियम केला. ज्याला येतं त्याने माऊसला हात लावायचा नाही, तोंडाने सांगायचं. ज्याला येत नाही तो खुर्चीवर. वर्गात दहा मिनिटं नुसता कल्लोळ झाला. "अरे डावीकडे, डावीकडे, ते तीन ठिपके!" "कुठले तीन ठिपके, इथे तीन ठिकाणी तीन ठिपके आहेत!" ज्यांना सगळं येतं असा समज होता त्यांना बोटाने करता येणारी गोष्ट शब्दांत सांगता येईना. हळूहळू त्यांना 'सेल', 'ओळ', 'स्तंभ', 'मेन्यू' ही नावं वापरणं भाग पडलं. त्याच तासाला मी सवयीने एकाचा माऊस हातात घेतला आणि मागून आवाज आला, "मॅडम, तुम्हाला पण येतं. तुम्ही पण हात लावू नका." पुढचे सात आठवडे मी हात पाठीमागे बांधून फिरले. या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात अवघड काम मला विचाराल तर हेच. तीस सेकंदांचं काम समोर अठरा मिनिटं चाललेलं बघायचं आणि गप्प बसायचं.

दुसरा आठवडा परवानगीचा. सभागृह हवं तर मुख्याध्यापकांना विनंती, सोबत ऑफिसचा छापील अर्ज, आणि अर्जाला कार्यक्रमाची रूपरेषा जोडलेली. ईमेल मुलांनी लिहायचा होता. पहिला मसुदा असा होता की सगळा मजकूर विषयाच्या जागेत आणि खाली पत्राची जागा कोरी. "सर आम्हाला २२ तारखेला हॉल पाहिजे प्लीज." मी एवढंच विचारलं की सरांना दिवसाला चाळीस मेल येत असतील तर हा त्यांना पंधरा दिवसांनी कसा सापडेल? मग विषयाच्या ओळीत कार्यक्रम आणि तारीख आली, पत्रात एकच मागणी आली, उत्तर कधीपर्यंत हवं ते आलं. 'सोबत रूपरेषा जोडत आहोत' हेही आलं. रूपरेषा जोडायची तेवढी राहिली. ती दुसऱ्या मेलने गेली.

त्यानंतर नऊ दिवस काहीच उत्तर नाही. मुलं म्हणायला लागली, सर नाही म्हणणार. मलाही तसंच वाटायला लागलं. दहाव्या दिवशी मी सहज ऑफिसात गेले, तर कळलं की सरांनी दोनदा रूपरेषा उघडायचा प्रयत्न केला होता. मुलांनी फाइल जोडली नव्हती, तिची लिंक पाठवली होती, आणि ती लिंक फक्त गटातल्या सहा जणांना उघडत होती. सरांनी 'परवानगी मागा' वर बोट ठेवलं, ती विनंती मेलने त्या फाइलच्या मालकाकडे गेली, आणि तो मालक म्हणजे आमचा असा विद्यार्थी जो मेल कधीच उघडत नाही. नऊ दिवस आम्ही त्यांच्या परवानगीची वाट पाहत होतो आणि ते आमच्या.

फाइल शेअर करताना 'बघू शकतो', 'टिप्पणी करू शकतो' आणि 'बदल करू शकतो' यातला फरक मी फळ्यावर दोनदा शिकवला होता. तो कळला त्या दिवशी. तेव्हापासून वर्गाची सवय अशी की कुठलीही लिंक बाहेर पाठवण्याआधी ब्राउझरच्या खाजगी खिडकीत, म्हणजे कुठल्याही खात्यात लॉगिन नसताना, उघडून बघायची. तिथे उघडली तर कुणालाही उघडेल.

ऑफिसच्या अर्जाची गंमत वेगळीच. अर्जाचा नमुना आम्हाला पेन ड्राइव्हवर मिळाला. मुलांनी उघडला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि प्रश्नचिन्हं यांची खिचडी. मुलांना वाटलं व्हायरस आहे. नमुना जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होता. अशा फॉन्टमध्ये फाइलच्या पोटात खरं म्हणजे इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवलेले असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. तो फॉन्ट ज्या मशीनवर नाही तिथे मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो जगात कुठेही 'क'च राहतो. हे मी दोन मिनिटांत सांगितलं. नमुना पुन्हा टाईप करायला एका मुलीला दोन तासिका लागल्या. अर्ज पीडीएफ करून, छापून, सही घेऊन दिला. परवानगी आली तेव्हा कार्यक्रमाला छत्तीस दिवस उरले होते.

मधल्या काळात नोंदणी गटाने फॉर्म तयार केला होता. प्रश्न एकोणीस. नाव, वर्ग, जन्मतारीख, पूर्ण पत्ता, पालकांचा व्यवसाय, आवडता लेखक, आवडता रंग. मी प्रत्येक प्रश्नापुढे एकच गोष्ट विचारत गेले: याचं उत्तर मिळाल्यावर तुम्ही काय करणार? जन्मतारखेचं काय करणार? "वाढदिवसाला शुभेच्छा देऊ." पत्त्याचं? गप्प. व्यवसायाचं? "मॅडम, सगळ्या फॉर्ममध्ये असतं म्हणून टाकलं." हे उत्तर मला फार प्रामाणिक वाटलं. शेवटी सहा प्रश्न उरले. आणि वर एक ओळ आली: ही माहिती कार्यक्रमानंतर ३० दिवसांनी पुसली जाईल. ती ओळ मुलांनी स्वतः सुचवलेली नाही, मी सुचवली. पण ती पाळायला पुढे त्यांनीच लावलं.

फॉर्म सोडला आणि दोन दिवस एकही नोंद नाही. कारण परवानगीच्या भानगडीचंच भावंड. शाळेच्या खात्यातून केलेला गुगल फॉर्म 'फक्त संस्थेतल्या लोकांना' असा राहू शकतो, तसा तो राहिला होता. पालकांना तो उघडत नव्हता आणि आम्हाला सगळ्यांना उघडत होता, कारण आम्ही सगळे संस्थेच्याच खात्यात. खाजगी खिडकीचा नियम तोवर झाला होता, पण तो लिंकसाठी झाला होता, फॉर्म हीही लिंकच असते हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

त्याच आठवड्यात बावीस पालकांना एक मेल गेला. सगळे पत्ते 'प्रति'च्या जागेत, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचा पत्ता दिसतोय. एका पालकांनी सगळ्यांना मिळून उत्तर दिलं, मग दुसऱ्यांनी पहिल्यांना, मग तिसऱ्यांनी 'कृपया मला या मेलमधून काढा' हेही सगळ्यांना. दुसऱ्या दिवशी मी जुन्या कपाटातून कार्बन पेपर शोधून आणला. 'सीसी' म्हणजे कार्बन कॉपी हे मुलांना माहीत नव्हतं, आणि का असावं? दोन कोऱ्या कागदांमध्ये तो निळा कागद ठेवून एकाने वर पत्र लिहिलं, खाली तेच उमटलं. पंधरा मिनिटं कुणाला बाकी काही सुचेना. सगळ्यांची बोटं निळी. मग 'बीसीसी' समजावणं सोपं गेलं: हीही प्रतच, पण कुणाकुणाला गेली ते बाकीच्यांना दिसत नाही. माफीचा मेल मुलांनी त्याच दिवशी पाठवला, तीन ओळींचा, सगळे पत्ते बीसीसीत.

तक्त्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण खरं शिक्षण तिथेच झालं.

पुस्तकांच्या यादीत शीर्षक, लेखक, भाषा, पुस्तकाची अवस्था आणि आयएसबीएन असे स्तंभ होते. आयएसबीएन म्हणजे मागच्या कव्हरवर बारकोडपाशी असतो तो क्रमांक. २००७ पासून तो तेरा अंकी आहे, आधीच्या पुस्तकांवर दहा अंकी असतो आणि त्यात शेवटी कधी कधी 'एक्स' हे अक्षर येतं, म्हणजे दहा. मुलांनी एक्सेलमध्ये तेरा अंक टाईप केले तर तिथे ९.७८ आणि पुढे ई अधिक १२ असलं काही तरी दिसायला लागलं. कॉम्प्युटरला तो भलामोठा आकडा वाटला. ज्या आकड्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही तो आकडा नसतोच, ते नाव असतं, हे कळायला हा स्तंभ बरा. फोन नंबर, पिनकोड, हजेरी क्रमांक, सगळे त्याच जातीचे. स्तंभ आधी 'मजकूर' करायचा, मग टाईप करायचं. नाहीतर सुरुवातीचा शून्यही गिळला जातो.

आयएसबीएनमध्ये आणखी एक खजिना आहे. तेरा अंकांना आळीपाळीने एक आणि तीनने गुणून बेरीज केली तर ती दहाने भागली जायला हवी. शेवटचा अंक त्यासाठीच बसवलेला असतो. हिशेब गटातल्या एका मुलाने, जो गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघतो, याचं सूत्र तक्त्यात बसवलं. चुकीचा क्रमांक आला की सेल लाल. पहिल्याच दिवशी अकरा सेल लाल झाले. नऊ खरंच टायपिंगच्या चुका होत्या. दोनांमध्ये क्रमांकाच्या पुढे रिकामी जागा होती. मग मी त्याला विचारलं, शेजारचे दोन अंक उलटे पडले तर तुझं सूत्र दर वेळी पकडेल का? तो दोन दिवस गायब. तिसऱ्या दिवशी जिन्यात गाठून म्हणाला, "मॅडम, दोन अंकांत पाचाचा फरक असेल तर नाही पकडत. एक आणि सहा उलटे केले, लाल झालंच नाही." मी त्याला सांगितलं नव्हतं. सांगायचा मोह मात्र दोन दिवस आवरत होते.

मराठी टाईप करणाऱ्यांसाठी एक खास किस्सा. यादीत 'दुसऱ्या' हा शब्द शोधला तर काही पुस्तकं सापडत, काही डोळ्यांसमोर असून सापडत नसत. एका मुलीने दोन सेल शेजारी शेजारी ठेवले, अक्षर अन् अक्षर सारखं. तिने अक्षरं मोजायचं सूत्र लावलं. एकात ७, दुसऱ्यात ८. वर्गात अक्षरशः भूत बघितल्यासारखी शांतता. हा अर्धा र दोन प्रकारे टाईप होतो. काही कीबोर्ड त्यासाठी 'ऱ' हे वेगळं अक्षर आणि हलन्त वापरतात, काही साधा 'र', हलन्त आणि त्याच्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला एक, कॉम्प्युटरला दोन. आम्ही शोधा-आणि-बदला वापरून सगळीकडे एकच रूप केलं. मराठीत याद्या करणाऱ्या कुणालाही एखादं नाव सापडेनासं झालं तर आधी हे तपासा.

सामानाच्या तक्त्यात वेगळंच. लागणाऱ्या टेबलांची बेरीज चौदा येत होती आणि मुलं हाताने मोजत होती तर सव्वीस. एका सेलमध्ये कुणीतरी '१२ टेबलं' असं लिहिलं होतं. बेरजेचं सूत्र शब्द दिसला की तो सेल गुपचूप सोडून देतं, तक्रार करत नाही. या गुपचूपपणाला मुलं फार चिडली. एरर तरी दाखवायचा ना! त्या दिवसापासून एकक स्तंभाच्या शीर्षकात, सेलमध्ये फक्त आकडा. तोही इंग्रजी अंकांत, कारण मराठी अंकांतले आकडे आमच्या तक्त्याने बेरजेत धरले नाहीत.

आणि मग तो मंगळवार. कार्यक्रमाला अठरा दिवस. नोंदणीतल्या एकाला नावं अकारविल्हे लावायची होती. त्याने फक्त नावांचा स्तंभ निवडला आणि क्रम लावला. नावं हलली, शेजारची पुस्तकं जागच्या जागी राहिली. शहाण्णव जणांची पुस्तकं एकमेकांच्या नावावर. त्याला कळलं वीस मिनिटांनी, तोवर आणखी चार जण त्याच तक्त्यात काम करत होते. तो इतका घाबरला की त्याने लॅपटॉप बंद केला आणि पाणी प्यायला गेला तो आलाच नाही. मी हात पाठीमागे आणखी घट्ट बांधले. एका मुलीने 'आवृत्ती इतिहास' उघडला आणि बावीस मिनिटांपूर्वीचा तक्ता परत आणला. लगेच दुसरी ओरडली, माझ्या सहा नोंदी गेल्या! मागे जाताना मधलं सगळंच मागे जातं. मग त्या सहा नोंदी इतिहासातून बघून पुन्हा घातल्या. पाणी प्यायला गेलेल्या मुलाला कुणी काही बोललं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून कुठलीही मोठी ढवळाढवळ करण्याआधी तक्त्याची प्रत काढून तिला तारीख द्यायची पद्धत पडली. तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने, म्हणजे फाइली आपोआप ओळीत लागतात. त्याआधी आमच्याकडे 'फायनल', 'फायनल२' आणि 'खरंच फायनल' अशा तीन फाइली होत्या.

पोस्टरवर मी फार वेळ घालवणार नाही, पण दोन गोष्टी. मुलांनी इंटरनेटवरून उचललेलं चित्र ६४० पिक्सेल रुंद होतं. ए-३ कागदावर नीट छापायचं तर साधारण ३५०० पिक्सेल रुंदी हवी. छापल्यावर पुस्तकांच्या जागी विटा दिसत होत्या. शिवाय ते चित्र वापरायची परवानगी आपल्याला आहे का, हा प्रश्न मुलांना पडलाच नव्हता. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांची, म्हणजे आपलं काम इतरांना ठरावीक अटींवर वापरू देणाऱ्या परवान्यांची, ओळख करून दिली, पण शेवटी मुलांनी ग्रंथालयातल्या पुस्तकांचा ढीग रचून स्वतःच फोटो काढला, तेच बरं झालं.

दुसरी गोष्ट क्यूआर कोडची. पोस्टरवर फॉर्मचा क्यूआर कोड छापला. पंधरा पोस्टरं लागली. सगळ्यांनी आपापल्या फोनवर तपासला, चालला. कार्यक्रमाला नऊ दिवस असताना एका पालकांनी फोटो पाठवला: कोड स्कॅन केला की 'हा कोड बंद झाला आहे, चालू करण्यासाठी पैसे भरा'. मुलांनी एका फुकट वेबसाइटवरून कोड बनवला होता. त्या कोडमध्ये आमच्या फॉर्मची लिंक नव्हतीच, त्या वेबसाइटची होती. ती पुढे आमच्याकडे ढकलत होती, आणि फुकटची मुदत संपल्यावर ढकलणं बंद झालं. साधा, स्थिर क्यूआर कोड हे नुसतं चित्र असतं, लिंक त्या काळ्या-पांढऱ्या चौकटींतच भरलेली असते, त्याला मुदत नसते. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला तो काढला तेव्हापासून तो तसाच आहे. कोड स्थिर आहे का हे ओळखायची युक्ती सोपी: स्कॅन केल्यावर उघडण्याआधी फोन जी लिंक दाखवतो ती वाचा. आपली असेल तर ठीक, अनोळखी असेल तर सावध.

पुन्हा छापायचं म्हणजे मंजूर रकमेतला जवळपास पाचवा हिस्सा गेला असता. हिशेब गटाने सरळ नाही म्हटलं. मग स्थिर कोड लहान कागदावर छापून पंधरा पोस्टरांवर चिकटवला. पहिल्या तिघांनी कागद कोडच्या अगदी कडेने कापला आणि काही फोन तो वाचेनात. कोडभोवती पांढरी कड लागते, कोडमधल्या चार बारक्या चौकटींएवढी. उरलेले बारा नीट कापले.

शेवटचा आठवडा संमतीपत्रांचा. मुलं अठरा वर्षांखालची, फोटो काढायचे तर पालकांची सही कागदावर हवी. सत्तावीस आली, चार आली नाहीत. त्या चौघांच्या शर्टाला निळं टिकलीएवढं स्टिकर लावायचं आणि फोटो काढणाऱ्याने आधी टिकली बघायची, असं ठरलं. फोटोच्या फाइलमध्ये काढलेली जागाही लपलेली असू शकते, हे फोनवर उघडून दाखवलं तेव्हा वर्गातले अर्धे फोन एकदम सेटिंगमध्ये गेले.

शनिवारी साडेनऊला दरवाजा उघडला आणि नऊ पन्नासला इंटरनेट गेलं. रांगेत चाळीस माणसं, दोन लॅपटॉप, एकावर नोंदलेलं दुसऱ्याला दिसत नाही. एका मुलाला दोनदा कुपनं मिळाली आणि तो प्रामाणिकपणे परत करायला आला, म्हणून कळलं. त्या दिवसाच्या गटातल्या एका मुलीने आदल्या संध्याकाळी, मी 'कशाला कागद वाया घालवतेस' म्हटलेलं असतानाही, यादी छापून आणली होती. आडनावाने लावलेली. पण रांगेतले लोक सांगतात पहिलं नाव. पाच मिनिटं बोट वरखाली फिरत राहिलं. मग तिने रांगेलाच ओरडून सांगितलं, "आडनाव आधी सांगा!" आणि पेन्सिलने टिकमार्क सुरू झाले. अकरा वाजता इंटरनेट आलं तेव्हा कुणी लॅपटॉपकडे गेलं नाही. दुपारी सगळे टिकमार्क तक्त्यात भरले. नोंदणी १४० ची, आले १०८, पुस्तकं हातबदल झाली २३१. सतरा पुस्तकं कुणीच नेली नाहीत, त्यात माझी दोन.

गुण देण्याचा प्रश्न राहिला होता. युरोपीय आयोगाची डिजकॉम्प नावाची चौकट आहे, २०१३ मध्ये पहिल्यांदा आलेली. ती डिजिटल क्षमतेचे पाच भाग करते: माहिती हाताळणं, संवाद आणि सहकार्य, मजकूर तयार करणं, सुरक्षितता, आणि अडचणी सोडवणं. मी तिचा सांगाडा घेतला आणि मुलांनी दर शुक्रवारी लिहिलेल्या तीन ओळींवरून गुण दिले. शुक्रवारच्या त्या तीन ओळी (काय केलं, काय बिघडलं, कुणाला विचारलं) जरूर लिहून घ्या. नाहीतर शेवटी फक्त पोस्टर कुणी काढलं एवढंच आठवतं. पाणी प्यायला गेलेल्या मुलाच्या वहीत लिहिलं होतं: "क्रम लावताना सगळा तक्ता निवडायचा. मी निवडला नव्हता. आता मला कुणी विचारलं तर मी सांगतो." अडचणी सोडवण्याचे पूर्ण गुण दिले.

मुलांना हे सगळं आवडलं का? बहुतेकांना. दोघांनी लिहिलं की कॉम्प्युटरचा तास म्हणून सांगितलं आणि टेबलं उचलायला लावली, आणि ते खरं आहे. मला स्वतःला तासिका पुरल्या नाहीत. ठरल्या होत्या सोळा, लागल्या तेवीस, त्यातल्या काही मी गणिताच्या सरांकडून उसन्या घेतल्या आणि अजून फेडल्या नाहीत.

तिसाव्या दिवशी, सोमवारी, मी विसरले होते. दुपारच्या सुट्टीत नोंदणी गटातल्या दोघी दारात. "मॅडम, आज पुसायचंय." आम्ही तिघी लॅबमध्ये गेलो. तक्ता उडवला. मला वाटलं संपलं. एकीने फॉर्म उघडला, तर सगळ्या १४० नोंदी तिथे जशाच्या तशा. तक्ता ही फॉर्ममधल्या नोंदींची प्रत असते, मूळ फॉर्ममध्येच राहतं. तेही पुसलं. मग तारखा घातलेल्या त्या सगळ्या प्रती आठवल्या, एकूण नऊ. त्या उडवल्या. मी खुर्ची मागे सारली तर दुसरी म्हणाली, "कचरापेटीत आहेत अजून. तिथे आणखी तीस दिवस राहतात." माझा हात माऊसकडे गेला होता. तिने माझ्याकडे बघितलं. मी हात मागे घेतला आणि तिने पेटी रिकामी केली.